वडिलांच्या नऊ वह्या आणि संपादकाचा शोध: चार हजार की एक्कावन्न हजार?

कोयनाकाठ

नमस्कार. मी पनवेलला राहते. सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पुस्तकं वाचते, पण ती होतात कशी यातलं काही कळत नाही, म्हणून विचारतेय. प्रश्न लांबलाय, सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही तात्या म्हणायचो, पाटण तालुक्यातले. त्यांचं गाव कोयनेच्या काठी होतं, आता कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाला आहे. धरणाचं काम चालू असताना तात्या तिथंच हजेरी कारकून म्हणून लागले. म्हणजे ज्या धरणात आपलं घर जाणार, त्याच्याच मजुरांची रोज सकाळी हजेरी मांडायची. (यावर त्यांनी एक अख्खं प्रकरण लिहिलंय आणि त्यात रडगाणं एका ओळीचं नाही. मुकादम किती विड्या ओढायचा ते मात्र आहे.) १९६७ चा भूकंप झाला तेव्हा आम्ही सगळे कोयनानगरलाच होतो. मी तीन वर्षांची, मला आठवत नाही. पुढं जमीन मिळाली ती घाट उतरून, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात.

निवृत्त झाल्यावर तात्या लिहायला बसले. नऊ वह्या भरल्या. काही शाईत, काही बॉलपेनात, सहाव्या वहीत मधेच किराण्याचा हिशेब. २०१९ ला ते गेले. गेल्या वर्षी मी इथल्याच एका डीटीपीवाल्या मुलाकडून सगळं टाइप करून घेतलं. ६८ हजार शब्द भरले. छापायच्या आहेत तीनशे प्रती: नातलग, गावकरी (तेही आता पाच जिल्ह्यांत पांगलेत) आणि दोन-चार ग्रंथालयं. विकून पैसे करायचे नाहीत.

सगळे म्हणाले, आधी संपादक गाठा. मी तीन ठिकाणी विचारलं. एक निवृत्त शिक्षक, टाइप केलेल्या पानाला २० रुपये, म्हणजे चार हजारांत काम. दुसऱ्या पुण्याच्या बाई, शब्दाला ७५ पैसे, म्हणजे ५१ हजार. तिसरं एक प्रकाशन, छपाई-मुखपृष्ठ-प्रकाशन समारंभ सगळं धरून एक लाख पस्तीस हजार, "संपादन त्यातच आलं हो ताई."

चार हजार आणि एक्कावन्न हजार यात फरक कशाचा, हे कुणी उलगडून सांगेना. साडी घ्यायला गेलं तरी दुकानदार पदर पसरून दाखवतो.

शिक्षकांनी नमुना म्हणून चार पानं करून दिली, फुकट. पान लालेलाल. माणसानं कष्ट घेतलेत हे दिसतं. पण हे बघा. तात्यांनी लिहिलं होतं:

आई म्हणली, "पाणी चढाय लागलंय. चुलीतला इस्तू घे काढून, नव्या जागंत हाच पेटवायचा."

ते झालं असं:

आई म्हणाली, "पाणी चढू लागले आहे. चुलीतील निखारे काढून घे, नवीन ठिकाणी हेच प्रज्वलित करावयाचे आहेत."

माझी आजी जन्मात "प्रज्वलित" म्हणाली नसेल. वाचताना वाटलं, आजी आकाशवाणीवर बातम्या देतेय.

माझा थोरला भाऊ म्हणतो हेच बरोबर आहे. "तात्यांचं लिखाण गावंढळ वाटेल लोकांना, जरा चांगल्या भाषेत नको का?" यावरून आमचं दिवाळीत वाजलं. पुण्याच्या बाई नमुना करायला तयार आहेत, दहा पानं, पण त्याचे दोन हजार मागतात. नमुन्याचे पैसे द्यायची रीत आहे का? आणि संपादक म्हणजे नक्की काय करतो? तात्या तर आता "हे बदललं तर चालेल का" विचारायला नाहीत.

काना_मात्रा

कोयनाकाठ ताई, मी हेच काम करते. बावीस वर्षं झाली, त्यातली पहिली सहा एका प्रकाशनात, पुढची घरी बसून. तुमच्या तिघांपैकी मी कुणी नाही, हे आधीच सांगते.

तिघांनी तुम्हाला तीन वेगळ्या कामांचे भाव सांगितलेत आणि तिघेही त्याला संपादनच म्हणतात. चूक तुमची नाही, आमच्या धंद्याची आहे.

मुद्रितशोधन म्हणजे पानं लागल्यावर, म्हणजे मजकूर छपाईच्या पानांत मांडून झाल्यावर, प्रूफ (तपासायची कच्ची प्रत) वाचणं. काना, मात्रा, वेलांटी, गळलेली ओळ, दोनदा छापलेला शब्द, पानाच्या तळाशी एकटी पडलेली ओळ. वाक्याला हात लावायचा नाही. पानाच्या भावानं होतं ते हे काम, आणि ते सगळ्यात शेवटी.

त्याच्या आधी मजकुराचं संपादन. यात वाक्यावाक्याला थांबावं लागतं. पान १२ वर सखाराम आणि पान ९० वर सखोबा, ही एकच व्यक्ती का? धाकट्या काकाचं लग्न आधी झालं की गाव उठलं आधी? गावाचं नाव कुठं एक, कुठं दुसरंच, असं का? हे काम घाईनं होत नाही. मी दिवसाला अडीच-तीन हजार शब्दांपुढं जात नाही. गेले तर संध्याकाळी झालेलं सकाळी परत बघावं लागतं.

आणि त्याच्याही आधी, गरज असेल तर, रचनेचं काम. नऊ वह्या वर्षानुवर्षं लिहिल्यात म्हणजे एकच गोष्ट तीनदा आली असणार. तिन्हींपैकी कुठली ठेवायची, कुठल्या वहीतला तुकडा कुठं न्यायचा, सुरुवात कुठून करायची. म्हातारी माणसं आठवणी लिहिताना फेर धरतात. काही पुस्तकांत तो फेर मोडायचा नसतो, तोही ओळखता आला पाहिजे.

तुमच्या शिक्षकांनी केलं ते या तिन्हीतलं काहीच नाही. ते पुनर्लेखन आहे. त्यांना दोष देऊ नका, त्यांनी चाळीस वर्षं वह्या तपासल्या, ही वहीही तपासली. आणि २० रुपयांत एवढं केलं म्हणजे स्वतःचं नुकसानच केलं.

शुद्धलेखनाचा मुद्दा काढून तुमचे बंधू वाद घालतील म्हणून सांगते. साहित्य महामंडळाचे नियम आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ साली वाढवलेले चार, असे अठरा. ते प्रमाण लेखनासाठी आहेत. आजीच्या तोंडच्या वाक्याला ते लावायचे नसतात. निवेदनाचं मात्र ठरवावं लागेल. तात्या निवेदनात काय करतात? कुठं "होतं" आणि कुठं "व्हतं"? माझा अनुभव असा की शाळा शिकलेली गावची माणसं सुरुवातीला पुस्तकी लिहितात आणि रंगात आली की बोलीत घसरतात. ते घसरणं काही वेळा पुस्तकातलं सगळ्यात चांगलं असतं. संपादकानं हे सगळं सारखं करून टाकलं तर ते वाहून जातं. काहीच केलं नाही तर वाचकाला वाटतं टायपिंगच्या चुका राहिल्यात. यातला मार्ग पानागणिक काढावा लागतो, त्याचेच पैसे असतात.

माझी एक चूक सांगते. एका शेतकरी लेखकाच्या बाडात कुठं तिफण होती, कुठं पाभर. मला वाटलं पेरणीचं एकच अवजार, दोन नावं. मी सगळीकडं पाभर केलं, एकसारखं दिसावं म्हणून. लेखकाचा फोन आला, "ताई, तिफण तीन फणांची, पाभर आमच्याकडं चार फणांची. तुम्ही माझ्या बापाला नसलेलं औत दिलंत." तेव्हापासून न विचारता शब्द बदलत नाही. समासात प्रश्न लिहिते. तुमचे लेखक आता नाहीत, म्हणून तर प्रश्न विचारणारा संपादक तुम्हाला जास्त लागेल. उत्तरं तुम्ही, भाऊ, आत्या, काका, कुणीतरी द्याल.

नमुन्याचे पैसे: द्या. दहा पानं नीट करायला माझा एक दिवस जातो. फुकट नमुना करणारा वाईट असतो असं नाही, पण फुकटचं पान जरा जास्त लाल होतं, दिसायला हवं ना. पानं तुम्ही निवडा, पहिली दहा देऊ नका. दोन आजी बोलते ती, दोन भूकंपाची, दोन एकदम कंटाळवाणी (असतील, माझ्यावर विश्वास ठेवा), बाकी मधली. फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस चालू ठेवून मागा, म्हणजे काय खोडलं, काय घातलं ते दिसतं. बदल लपवून स्वच्छ प्रत पाठवणाऱ्याला काम देऊ नका.

पत्र करा, एक पान पुरतं. त्यात कामाचं नाव, किती फेऱ्या (निदान दोन: पहिली त्यांची, मग तुमची उत्तरं, मग दुसरी), किती दिवस, पैसे तीन हप्त्यांत. ६८ हजार शब्दांना दोन फेऱ्या धरून अडीच-तीन महिने लागतील. दहा दिवसांत देतो म्हणणारा वाचणार नाही. आणि बोलीतल्या शब्दांची यादी संपादकानं करून द्यायची, हेही लिहा: कुठला शब्द कसा लिहायचा, कुठला तसाच ठेवलाय, का. ही यादी पुढं प्रूफ वाचणाऱ्याच्या हातात गेली नाही तर तो बिचारा तुमचा "इस्तू" शेवटच्या दिवशी विस्तव करून ठेवेल.

हक्काचंही बघा. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो. म्हणजे भाऊही आलाच. त्याची सही आधी घ्या, पुस्तक छापून आल्यावर नको.

५१ हजार जास्त का? आम्ही पूर्वी प्रकाशकाच्या पगारावर हे करायचो, लेखकाला कळायचंही नाही. मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक एकेका बाडावर किती काम करायचे, ते आमच्या पिढीनं ऐकतच उमेदवारी केली. आता लेखक स्वतः छापतो, म्हणून बिल त्याच्या हातात पडतं आणि दचकायला होतं. भाव बाईंशी बोलून थोडा खाली येईल. रचनेचं काम लागणार नसेल तर जास्तच येईल.

एकदाच_छापलं

त्या एक लाख पस्तीसवाल्यांकडे जाऊ नका एवढंच सांगायला लॉगिन केलंय.

माझंही असंच "सगळं त्यातच आलं" होतं. नाव घेत नाही. आमच्या वसई भागातल्या आठवणी लिहिल्या होत्या मी. संवादात आमची माणसं "नाय" म्हणतात, तसंच लिहिलेलं. त्यांच्या संपादनानं काय केलं? कुणीतरी संगणकावर एकदाच हुकूम सोडला: जिथं जिथं "नाय" तिथं "नाही".

माझ्या काकांचं नाव विनायक. छापून आलं "विनाहीक". सात ठिकाणी. नायगाव स्टेशनचं "नाहीगाव". तीनशे प्रती. काकूंना प्रत द्यायला गेलो तेव्हा त्यांनी काकांच्या पहिल्याच पानावर बोट ठेवलं. काही बोलल्या नाहीत, चहा केला.

प्रूफ मला दाखवलं होतं का? दाखवलं होतं. शुक्रवारी रात्री पाठवून सोमवारी सकाळी "ओके" मागितलं, छापखान्यात तारीख घेतलीय म्हणून. मी पहिली चाळीस पानं वाचली. काका पान ५२ ला येतात.

आणि आयएसबीएनचे (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचे) साडेतीन हजार वेगळे लावले. नंतर कळलं की आपल्याकडं तो क्रमांक देणारी राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था त्याचे पैसेच घेत नाही, ऑनलाइन अर्ज करायचा. "त्यातच आलं" म्हणणाऱ्याला विचारा, संपादन कोण करणार, त्या माणसाचं नाव काय, त्याच्याशी मी फोनवर बोलू का. आमच्यात असा माणूसच नव्हता.

घाटउतार

जरा वेगळं मत. भावाचं अगदीच चूक नाही. माझी मुलं पुण्यात वाढली, मराठी वाचतात पण अडखळत. "चढाय लागलंय" कळेल. "इस्तू" नाही कळणार. तीनशे प्रतींतल्या निम्म्या अशा पोरांच्या घरात जाणार. पुस्तक कुणासाठी आहे, म्हाताऱ्यांसाठी की त्यांच्यासाठी? दोन्ही म्हणालात तर मागं शब्दार्थ द्या नाहीतर तळटिपा. पण तळटिपांनी पान भरलं की तेही वाचवत नाही. निवेदन प्रमाण भाषेत आणून फक्त संवाद बोलीत ठेवले तर काय बिघडतं?

कोयनाकाठ

घाटउतार, तुम्ही माझे दादा तर नाही ना? अगदी हेच वाक्य त्याचं आहे. 🙂

गंमत सोडा, मुद्दा पटतोय थोडा. पण निवेदन प्रमाण केलं तर हजेरीचं प्रकरण जातं. तिथं तात्या कुणाशी बोलत नाहीत, एकटेच आहेत, आणि तरी सगळं बोलीत आहे. "आज बारा नंबरच्या टोळीत तिघं आलं न्हाईत. एकाचं घर काल पाण्यात गेलं, त्याची हजेरी म्या लावली." यातलं "म्या" काढून "मी" केलं तर माझ्या घशाखाली उतरणार नाही.

काना_मात्रा ताई, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. उद्या बाईंना दोन हजार पाठवते. कंटाळवाणी पानं शोधायला गेले तर तगाईच्या कर्जाची सापडली, अकरा पानं.

जुळारी

ताई, संपादकाकडं फाइल पाठवायच्या आधी एक बघा. डीटीपीवाल्यानं टाइप कशात केलंय? श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात असेल तर संपादकाच्या संगणकावर इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसेल. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखं दिसेल असं, बदलून घ्यावं लागतं, आणि बदलताना रफार, जोडाक्षरं, अवग्रह इकडं तिकडं होतात.

तुमच्या पुस्तकात हमखास फसेल असा शब्द: दऱ्या. डोंगराच्या. बदलणाऱ्या प्रोग्रामनं डोक्यावर रफार दिला की होतो "दर्या", म्हणजे समुद्र. स्पेलचेकरला दोन्ही शब्द बरोबर वाटतात, तो लाल रेघ मारणार नाही. कोयनेच्या खोऱ्यात समुद्र घुसेल. एकदा माझ्याकडं आलेल्या गिर्यारोहणाच्या पुस्तकात "खोल खोल दर्यांतून चढत" असं होतं, प्रूफवाल्यानं कविता समजून सोडून दिलं. तेव्हा बदल केल्यावर मूळ वहीशी एकदा ताडून वाचा. एकानं वही मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं फाइलवर डोळा ठेवायचा. जुन्या छापखान्यात असंच व्हायचं. भावाला बसवा.

दुसरं: पानं लावायला देण्याआधी संपादन पुरतं संपलं पाहिजे. पानं लागल्यावर परिच्छेद काढला की पुढची सगळी पानं सरकतात, सूची चुकते, आणि माझ्यासारखा माणूस दर फेरीचे पैसे लावतो. डेमी आकारात (पुस्तकाचा नेहमीचा एक आकार) ६८ हजार शब्द म्हणजे २३०-२४० पानं. २४० झाली तर सोळा पानांचे बरोबर पंधरा फॉर्म (एका फॉर्मची पानं एकदम छापतात). २४३ झाली तर संपादकाला सांगा, तीन पानं कापायला. ते खुशीनं करतात, रचनेचं काम म्हणतात त्याला.

नऊ वह्या आधी स्कॅन करून ठेवा. शाईची पानं तर आजच.

कोयनाकाठ (तीन आठवड्यांनी)

कळवायचं राहिलं होतं, पाहुणे होते.

फाइल श्रीलिपीतच निघाली. युनिकोड करून मी आणि दादा चार रविवार... नाही, खोटं कशाला, तीन रविवार वह्या ताडून वाचत बसलो. दर्या एकोणीस ठिकाणी सापडला. जुळारी, तुमचे पाय धरते. दादा मोठ्यानं वाचायचा. पहिल्या रविवारी तो "व्हतं" आलं की आपोआप "होतं" वाचायचा आणि मी थांबवायची. तिसऱ्या रविवारी थांबवावं लागलं नाही.

बाईंचा नमुना आला. उघडला आणि पहिल्यांदा निराशाच झाली. दोन हजार दिले आणि दहा पानांत लाल काय, तर मोजून बावीस जागा. शिक्षकांच्या एका पानात त्याहून जास्त होतं. आजीचं वाक्य तसंच्या तसं; फक्त अवतरणचिन्ह सुटलं होतं ते लावलेलं. मनात म्हटलं, बाईंनी वाचलंय तरी का?

मग समासातले प्रश्न बघितले. चौदा.

एक होता: "तात्या लिहितात भूकंप रविवारी रात्री झाला. ११ डिसेंबर १९६७ ला सोमवार होता आणि धक्का पहाटे चार वाजून गेल्यावर बसला. पण तुमच्याकडं उजाडेपर्यंत आदलाच दिवस धरतात का? तसं असेल तर मी हात लावणार नाही." तसंच धरतात! मी रात्रपाळीची नर्स, आयुष्यभर दवाखान्याच्या रजिस्टरात बारानंतर तारीख बदलत आले आणि घरी येऊन आईला "कालच्या रात्री" म्हणत आले. माझ्या लक्षात नसतं आलं. त्याच प्रश्नात पुढं: "पण नमुन्यातल्या शेवटच्या पानावर 'अडुसष्टच्या भूकंपात' असं आहे, ते मात्र चुकून झालं असावं. दुरुस्त करू?" करा म्हटलं.

दुसरा: "कुलाबा जिल्हा तसाच ठेवते, रायगड हे नाव १९८१ चं. नव्या वाचकासाठी एकदाच, पहिल्या ठिकाणी, तळटीप?" घाटउतार, तळटीप आली बघा, पण एकच.

"इस्तू"वर प्रश्न नव्हताच, नोंद होती: "त्याच वाक्यात चूल आहे, वाचकाला अंदाज येतो. अर्थ मागे यादीत देऊ." पण त्याखाली विचारलं होतं: "हा विस्तव नव्या जागी पोचला का? तात्या पुढं सांगत नाहीत. वह्यांत कुठं आहे का?"

मला माहीत नव्हतं. दादाला नव्हतं, तो तेव्हा दोन वर्षांचा. आमची आत्या सोलापूरकडं असते, पंच्याऐंशीच्या पुढं आहे. दादानंच फोन लावला, स्पीकरवर. आत्या म्हणाली, "गाडग्यात राखंत घालून नेलं. वाटंत पाऊस लागला. तुझ्या आजीनं गाडगं पदराखाली धरलं, तर पदर जळला. नव्या जागंत गेलो तवा इझलं व्हतं. मग शेजारनीकडनं आणला, आन आजीनं सगळ्यास्नी सांगितलं का ह्यो आपलाच हाय. तात्याला बी तेच सांगितलं."

म्हणजे तात्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. हे पुस्तकात घालायचं की नाही, यावर बाईंचं म्हणणं असं की तात्यांच्या मजकुरात नाही, ते त्यांचं पुस्तक आहे. हवं तर मनोगतात मी माझ्या नावानं लिहावं. दादा म्हणतो तूच लिही.

तर ठरलं. पत्र झालं, दीड पानाचं, दोघांच्या सह्या. बाई ४५ हजारांवर आल्या, कारण वह्यांचा क्रम मोडायचा नाही असं त्यांनीच सुचवलं, म्हणजे रचनेचं काम कमी. नमुन्याचे दोन हजार त्यातच वळते केले. पहिला हप्ता गेला. मुदत तीन महिने. शिक्षकांनाही भेटून आले, शेवटचं प्रूफ त्यांनीच वाचायचं ठरलंय, शब्दयादी समोर ठेवून. यादी बघून ते म्हणाले, "म्हणजे चूक कुठली ते आधीच कळवणार तुम्ही मला." पण हो म्हणालेत.

एकच गोष्ट अडलीय, प्रश्न क्रमांक अकरा. सहाव्या वहीतला तो किराण्याचा हिशेब. बाई विचारतात ठेवायचा का. गूळ, चहा पावडर, आगपेटी, दोन किलो तांदूळ, खाली बेरीज चुकलेली. मी म्हणते काढा, त्याचा कोयनेशी काय संबंध, उगाच लोक हसतील. आणि दादा हटून बसलाय की पान तसंच छापायचं, चुकलेल्या बेरजेसकट. "हजेरी कारकुनाची बेरीज चुकलीय, ही काय साधी गोष्ट आहे?"

तुम्ही काय केलं असतं?